नानांच्या पायाचा कल्चर रिपोर्ट आला, 'एस' असलेल्यांपैकी सगळ्यात भारी औषध कोणतं?

चोपड्याचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. वडिलांबद्दल विचारायचं आहे. नाना ६८ वर्षांचे, शुगर जुनी. चैत्रात गावच्या दिंडीबरोबर सप्तशृंगी गडावर पायी गेले. नवस असल्याने अनवाणीच. परत आले तेव्हा करंगळीच्या बुडाशी फोड होता. त्यांना काही दुखत नव्हतं म्हणून घरात कुणाला बोलले नाहीत. आता तिथे जखम झालीय, पाऊल सुजलंय, हिरवट-पिवळं पाणी येतं.

गावातल्या डॉक्टरांनी आधी अमॉक्सिक्लॅव्ह दिलं, मग सेफिक्झिम. फरक पडला नाही म्हणून जखमेवरून कापूस फिरवून नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, लॅबला पाठवला. काल रिपोर्ट आला: स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि ई. कोलाय. खाली औषधांची लांबलचक यादी, बहुतेकांपुढे 'आर' (रेझिस्टंट, लागू नाही). 'एस' (सेन्सिटिव्ह, लागू) फक्त अमिकासिन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम आणि कोलिस्टिनला. त्यात अमिकासिनचा आकडा सगळ्यात मोठा, म्हणजे तेच सगळ्यात जोरदार ना? ते स्वस्त आहे आणि गावातच टोचता येईल. मेहुणे म्हणतात, थेट मेरोपेनेम सुरू करा, वरचं औषध आहे, विषय संपेल.

उपाशीपोटी शुगर २८०, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.९. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

तापीचं_पाणी

मेहुणा हा प्राणी प्रत्येक घरात एमडी असतो. माझा तर किडनीपासून बोअरवेलपर्यंत सगळ्याचा स्पेशालिस्ट आहे.

चेष्टा सोडा. भाऊ, नानाले आजच दवाखानामा ली जा. धाग्यावर वाट पाहत बसू नका.

जखमेची_वही

मी सर्जन आहे, मधुमेही पाय हे माझं रोजचं काम. इथे कुठलंही औषध सांगणार नाही आणि कुणी सांगितलं तर घेऊही नका.

तुम्ही रिपोर्ट नीट लिहिलात, पण पायाबद्दल फार थोडं लिहिलंत. मला रिपोर्टआधी हे हवं होतं: लाली जखमेभोवती किती पसरली आहे? पाऊल हाताला गरम लागतं का? ताप, थंडी, गुंगी, उलट्या? त्वचा कुठे काळी पडलीय का, दाबल्यावर कुरकुर लागते का? जखमेत सळई घातल्यावर टोकाला हाड लागतं का? पायाच्या नाड्या लागतात का?

पाऊल सुजलेलं, पाणी येतंय, शुगर २८०, क्रिएटिनिन वाढलेलं. एवढ्यावरूनच सांगतो, हे गावात टोचून भागवायचं प्रकरण नाही. आत पू साठला असेल तर तो वाट करून काढावा लागतो. मेलेलं मांस कापून टाकावं लागतं. रक्तपुरवठाच नसेल तर शिरेतून दिलेलं मेरोपेनेमही तिथे पोचणार नाही, मेहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी.

प्लेट_आणि_चकती

डॉक्टरसाहेबांनी पायाचं सांगितलं, मी कागदाचं सांगते. धुळ्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते.

तो 'आकडा' म्हणजे काय ते आधी समजून घ्या. जखमेतून वाढवलेल्या जिवाणूचं पाणी करून ते मुलर-हिंटन अगारच्या प्लेटवर सगळीकडे सारखं फासतो. त्यावर औषध मुरवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवतो आणि प्लेट ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवतो. सकाळी उघडली की प्लेटभर जिवाणूंची साय धरलेली असते, आणि ज्या चकतीचं औषध लागू पडलं तिच्याभोवती स्वच्छ गोल. तो गोल पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतो. तोच तुमचा आकडा.

पण प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरतं, म्हणून प्रत्येकाची पास होण्याची रेषा वेगळी. एखाद्याला १७-१८ पुरतात, दुसऱ्याला २१-२२ लागतात. २२ वाला १९ वाल्यापेक्षा जोरदार, असं होत नाही. आम्हाला रोज फोन येतात, 'मॅडम, मोठा आकडा कोणाचा?' उत्तर देऊन देऊन दमले.

आता तुमच्या यादीबद्दल. स्यूडोमोनासला अमॉक्सिक्लॅव्ह किंवा सेफिक्झिम मुळातच लागू पडत नाही. तो त्या औषधांना 'निर्ढावला' वगैरे नाही, त्याची घडणच तशी. शिवाय २०२३ पासून सीएलएसआयच्या (लॅबचे निकष ठरवणारी अमेरिकेतली संस्था) निकषांत स्यूडोमोनाससाठी अमिकासिन फक्त लघवीच्या नमुन्यांपुरतं ठेवलंय. पायाच्या जखमेच्या रिपोर्टात त्याच्यापुढे 'एस' दिसत असेल तर लॅब जुना तक्ता वापरत असावी, किंवा तो 'एस' ई. कोलायचा असेल. दोन जिवाणूंच्या दोन वेगळ्या याद्या असतात, तुम्ही त्या एकत्र वाचल्या नाहीत ना? कोलिस्टिनला तर चकतीची पद्धत ग्राह्यच धरत नाहीत, आणि सीएलएसआयच्या २०२० पासूनच्या तक्त्यात त्याला 'एस' हा वर्गच नाही.

चोपड्याचा_पोऱ्या

मॅडम, बरोबर. दोन रकाने आहेत, मी एकच समजलो. अमिकासिन दोन्हीत 'एस' आहे.

साहेब, ताप रात्री थोडा येतो. लाली पायाच्या वरच्या बाजूला चार बोटं चढलीय. सळईचं कुणी पाहिलं नाही.

जखमेची_वही

मग उद्या नको, आज. पायात पू असलेला, ताप येणारा मधुमेही रुग्ण रात्रीत बिघडू शकतो. निघा.

अमिकासिनचा विषय आलाच म्हणून इतरांसाठी: क्रिएटिनिन १.९ असलेल्या माणसाला हे औषध किडनीच्या दृष्टीने धोक्याचं, आणि पू भरलेल्या, आम्लधर्मी, प्राणवायू कमी असलेल्या जागेत त्याचा जोरही कमी पडतो. प्लेटवर पू नसतो, किडनीही नसते.

मुंबईकर_जावई

सरळ मुंबईला घेऊन या. खान्देशात असल्या केसेस हाताळायची सोय नाही. आमच्या सासरेबुवांना आम्ही शेवटी मुंबईलाच आणलं.

भुसावळची_सून

'शेवटी' मुंबईला आणलं, म्हणजे आधी कुठे होते? आणि येईपर्यंत रेल्वेत रात्र गेली ती वेगळीच.

माझ्या सासूबाईंचा पाय जळगावातच वाचला. अंगठा गेला, पण चालतात, घरात सगळं करतात. सोय नाही असं उगाच म्हणू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पाय पाहणारा सर्जन, फिजिशियन आणि कल्चर करणारी लॅब एका ठिकाणी असली म्हणजे झालं. पैशाची अडचण असेल तर योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटून फुले योजनेत बसतं का ते पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

मुंबईकर_जावई

ताई, राग मानू नका, आमचा अनुभव सांगितला. गावी आमच्याकडे कुणीतरी बिब्बा तापवून लावला होता, त्यामुळे प्रकरण चिघळलं होतं.

तापीचं_पाणी

बिब्बा! आमना गावमा टाच फुटनी का बिब्बा, काटा मोडना का बिब्बा, नवरा ऐकस नही तरी बिब्बा.

भुसावळची_सून

हसू नका, हे खरंच घडतं. बिब्ब्याने धडधाकट कातडी भाजते, इथे तर पायाला संवेदनाच नसते. रुईचा चीक, चुना-गूळ, तंबाखूची राख, सगळं पाहिलंय. आणि गरम पाण्याची बादली! सासूबाईंचं तिथूनच सुरू झालं. 'मुंग्या येतात, शेक घेते' म्हणून पाय बुडवले, पाणी किती गरम ते त्यांना कळलंच नाही, वर सालपट निघालं. आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ तापमान असतं. देवळाच्या फरशीवर दुपारी दोन मिनिटं अनवाणी उभं राहिलं तरी फोड येतात.

मेडिकल_काउंटर

माझं मेडिकल आहे, गाव सांगत नाही, गिऱ्हाईकं इथेही वाचतात.

लोक गोळ्यांची पट्टी घेऊन येतात, 'हीच द्या, पण दोनच.' पाय सुजलेला, चिठ्ठी नाही. पट्टीवरची लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही, ती दाखवली तर म्हणतात, 'ती तर डिझाईन आहे.' सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम ही एच-वन यादीतली, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायची औषधं. १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, आणि ती ३ वर्षं जपायची. मी ठेवतो. पण मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक चार दुकानं सोडून पलीकडे जातं आणि तिथून मला दाखवत परत येतं. आता यात मी काय करू ते सांगा.

कापूस_कोंडी

धरणगाव भागातला कापूस उत्पादक. डॉक्टरकीतलं कळत नाही, पण हे आम्ही शेतात भोगलंय. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी गेली म्हणून पेढे वाटले होते. बॉलगार्ड-२ मध्ये दोन-दोन जनुकं होती. पाकिटासोबत नॉन-बीटीची छोटी पुडी यायची, कडेने लावा म्हणून, म्हणजे बीटीने मरणाऱ्या अळ्याही टिकून राहतील. किती जणांनी लावली? पुडी बांधावर फेकली. २०१७ ला गुलाबी अळीने बोंडं आतून खाल्ली आणि बीटी असूनही फवारण्या कराव्या लागल्या. एकच औषध सगळीकडे, सारखं सारखं, म्हणजे जी मरत नाही तीच उरणार. माणसाच्या पायात वेगळं काय होत असणार?

प्लेट_आणि_चकती

दादा, उदाहरण चपखल आहे, फक्त जिवाणू अळीपेक्षा एका बाबतीत पुढे आहेत. गुलाबी अळी आपली प्रतिकारशक्ती फक्त स्वतःच्या पिल्लांना देते, हिरव्या अळीला देऊ शकत नाही. जिवाणू देतात. प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी असते. तिच्यावर औषध निकामी करणारं जनुक असलं तर क्लेब्सिएला नावाच्या जिवाणूकडून ई. कोलायकडे, तिथून आणखी कुणाकडे, असं ते हातोहात फिरतं. ईएसबीएल हा शब्द रिपोर्टात दिसतो ना, ते औषध मोडणारं एन्झाइम. ते असलं की सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं गळाली. कार्बापेनेमेज हे दुसरं एन्झाइम असेल तर मेरोपेनेमही गेलं.

म्हणून 'वरचं औषध आधीच देऊन टाका' हे ऐकलं की मला धास्ती वाटते. वर किती उरलंय ते आम्ही रोज प्लेटवर बघतो.

केळीबागायतदार

विषयांतराबद्दल माफी, पण जाणकार जमलेत तर विचारतो. शुगरवाल्याने केळं खाऊच नये का? आमच्या रावेरात राहून केळं न खाणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाला न भेटणं.

भरीतप्रेमी

तुम्ही भरीत खा. बामणोदची वांगी, वर कळण्याची भाकरी. शुगरवाल्यांचा पक्वान्नाचा प्रश्न आम्ही कधीच सोडवलाय.

तापीचं_पाणी

भाकरी किती, ते सांगा आधी. भरितावर कुणी दोनवर थांबलेला माणूस मी पाहिला नाही.

जखमेची_वही

केळं विष नाही, पण जेवणानंतर डझन सोलायचं फळही नाही. आहारतज्ज्ञांना विचारा. आपण पायाकडे येऊ, कारण एक गोष्ट कुणीच बोललं नाही: नमुना कसा घेतला.

जखमेवरून कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात वरवर वस्तीला असलेले जिवाणूही येतात. खाली मांसात कोण बसलंय ते त्यातून कळेलच असं नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: जखम साफ करून, मेलेला थर काढून, तळाचा मांसाचा तुकडा खरवडून किंवा कापून पाठवा, कापसाचा बोळा नको. आणि जमलं तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. नानांना आधी दोन औषधं झाली, मग नमुना. त्या औषधांना दबणारे दबले असतील, न दबणारा स्यूडोमोनास वर आला असेल. तो खरा गुन्हेगार आहे की नुसता जागेवर सापडलेला, हे त्या कागदावरून मला ठरवता येणार नाही.

आणखी एक. जखम आहे पण लाली, सूज, उष्णता, दुखणं, पू यांतलं काहीच नाही, अशा जखमेचा कल्चर करूच नका. काही ना काही उगवणारच, आणि मग उगवलेल्याला औषध दिलं जातं. संसर्ग आहे की नाही हे डोळ्यांनी ठरतं. लॅब फक्त कोण आहे ते सांगते.

प्लेट_आणि_चकती

+१००. आणि तुकडा पाठवताना कृपा करून फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका! बायोप्सीच्या सवयीने टाकतात. फॉर्मॅलिनमध्ये सगळे जिवाणू मरतात, आम्ही दोन दिवस प्लेटकडे बघत बसतो आणि रिपोर्ट जातो 'वाढ नाही'. घरचे म्हणतात, चला, जंतू गेले. निर्जंतुक बाटलीत थोडं सलाईन, बास.

तालुक्याहून येणारे नमुने उन्हाळ्यात दुपारी गाडीच्या काचेपाशी ठेवलेले असतात. पोचेपर्यंत त्यात भलतेच जंतू माजलेले असतात. दुर्गंधी फार असेल तर प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू असण्याची शक्यता असते, पण साध्या कल्चरमध्ये ते उगवतच नाहीत. म्हणजे रिपोर्टात नाव नाही म्हणून पायात नाही, असंही नाही.

पुण्यातला_अमळनेरकर

मॅडम, मग रिपोर्टला अर्थ काय? नमुना चुकला तर चूक, औषध आधी दिलं तर चूक, 'एस' असलं तरी चालेलच असं नाही. सामान्य माणसाने अडीच दिवस थांबून पैसे का भरायचे?

प्लेट_आणि_चकती

कारण तो नसेल तर सगळेच अंदाज. पहिला दिवस उगवायला, दुसरा दिवस चकत्यांना, म्हणून ४८ ते ७२ तास. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात, करावंच लागतं. रिपोर्ट आला की ते बदलतात, आणि नीट घेतलेल्या नमुन्यात बदल बरेचदा खालच्या, साध्या औषधाकडे असतो. वरचं सोडून खाली येता येतं ते या कागदामुळे.

मेडिकल_काउंटर

खाली आलेली चिठ्ठी पाहून गिऱ्हाईक डॉक्टरवर संशय घेतं, 'आधी हजाराचं इंजेक्शन, आता ही स्वस्त गोळी? कायतरी गडबड आहे.'

चोपड्याचा_पोऱ्या

मंडळी, थोडा उशीर झाला लिहायला. त्याच दिवशी नानांना जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी ॲडमिट केलं, शिरेतून औषध आणि इन्सुलिन सुरू केलं. नानांची इन्सुलिनला फार ना होती, 'एकदा लागलं की सुटत नही' म्हणून. डॉक्टर म्हणाले, जखम भरेपर्यंत तरी घ्या, मग बघू.

सळई टाकली तर हाड लागलं. एक्स-रेत काही दिसत नव्हतं, तर डॉक्टर म्हणाले, हाडाचा संसर्ग एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. पायाचा डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) केला, रक्तपुरवठा कमी आहे पण बंद नाही. करंगळी काढावी लागली, आतला पू काढला. आतल्या मांसाचा आणि हाडाचा तुकडा पाठवला, सलाईनमध्येच, मी स्वतः विचारून घेतलं. सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या.

रिपोर्टात आलं स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि प्रोटियस. एमआरएसए, म्हणजे औषधांना न दबणारा स्टॅफ, नाही. स्यूडोमोनासचं नावच नाही! औषध बदललं, साधं दिलं. हाडाच्या कापलेल्या कडेवरही जंतू निघाले म्हणून तीन आठवडे औषध सांगितलंय. ताप गेलाय. सूज आहे अजून.

मेहुणे म्हणतात, मेरोपेनेम दिलं असतं तर बोट वाचलं असतं.

तापीचं_पाणी

मेहुण्याले गडावर धाडा. अनवाणी.

जखमेची_वही

वेळेत नेलंत. बोट हाडाच्या संसर्गाने गेलं, मेरोपेनेम न दिल्याने नाही. असा वेगळा रिपोर्ट येणं नवल नाही. पण दुसऱ्यात स्यूडोमोनास आला नाही म्हणून पहिली लॅब चुकली असंही म्हणू नका. त्यांनी जे पाठवलं तेच वाढवलं.

एक विचारतो, रक्तपुरवठा कमी आहे त्याचं पुढे काय ठरलं? जखम भरली नाही तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. आणि नाना बिडी ओढतात का?

चोपड्याचा_पोऱ्या

ओढतात. 'कमी केली' म्हणतात. व्हॅस्क्युलरवाल्यांची तारीख घेतोय, त्यासाठी नाशिकला जावं लागेल बहुतेक.

अजून एक. ड्रेसिंग घरी करायचं आहे. शेजारचे कंपाउंडर म्हणतात, हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस येईपर्यंत धुवायचं, मग बीटाडीन भरपूर. बरोबर आहे का?

जखमेची_वही

फेस बघायला छान, पण पेरॉक्साइड नवीन येणाऱ्या पेशीही मारतं. सलाईनने धुवा. बाकी काय लावायचं ते ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच विचारा, कंपाउंडरना नाही, मलाही नाही. हात धुऊन करा. आणि जखमेवर वजन पडू देऊ नका, नुसती पट्टी बदलून त्याच पायावर शेतात गेले तर कुठलंच औषध पुरणार नाही.

भुसावळची_सून

वजनाचं खरंच ऐका. आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी एमसीआर रबराची मऊ चप्पल दिली होती, मागे पट्टा असलेली. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घालायची, काढून पाय बघायचा. रोज रात्री पाऊल उलटून बघायचं, बोटांच्या बेचक्यासुद्धा. त्यांना वाकता येत नाही म्हणून मी आरसा ठेवलाय खाली. दुसरा पायही बघत जा हो, सगळे दुखऱ्या पायाकडेच बघतात.

चोपड्याचा_पोऱ्या

ताई, दुसऱ्या पायाच्या टाचेला भेग आहे, आताच पाहिली. लाल नाही, पाणी नाही. याचं कल्चर करायचं का?

प्लेट_आणि_चकती

नाही!! वर साहेबांचा प्रतिसाद परत वाचा. सोमवारी ड्रेसिंगला जाल तेव्हा भेग दाखवा, तोवर बिब्बा घरातून बाहेर काढा.